दोन अठ्ठेचाळीस

अठ्ठावीस मे. धारूर. गच्चीवर
चप्पल काढली की तळवा भाजतो.
तहसीननं ज्ञानबा गवंड्याकडून ओळंबा मागून आणलाय
आणि मला काम दिलंय छत्री धरायचं,
तिच्यावर नाही, मोबाइलवर.
काल याच वेळेला तो तापून बंद पडला होता.

"आज दोन अठ्ठेचाळीसला," ती कॅमेऱ्याला सांगते,
"सूर्य काब्याच्या बरोबर डोक्यावर येतो.
तुमच्या अंगणात एक दोरी टांगा.
सावलीच्या टोकाकडून दोरीच्या बुडाकडं बघा.
तोच किब्ला. नेट लागत नाही."

ॲपमधलं होकायंत्र आधीच दाखवून झालंय:
टाकीजवळ एक दिशा, सळयांजवळ दुसरी,
माझ्या मोबाइलात तिसरीच.
बाण तिन्हीकडं हिरवा.

अब्बा जिन्याच्या सावलीत बसलेले.
चाळीस वर्षं अजान दिलेला माणूस,
ॲपवर खार, कारण ते मगरिबला दोन मिनिटं घाई करतं.
वाटलं, आता ओरडतील.
म्हणाले, "रस्सी हल री. हवा को कुछ तो आड पकड."

मग आलेच उठून, अनवाणी.
"असर कशी काढतो मी, विचारलंस कधी?
काठी रोवायची. भरदुपारची सावली मोजून ठेवायची.
ती वजा जाऊन काठीएवढी उरली, की वेळ झाली.
आणि सध्या ती दुपारची सावली दक्षिणेला पडतीय,
एरवी उत्तरेला. हे दिसलं का तुझ्या मोबाइलात?"
तहसीन गप्प.
बीएस्सीला हेच आलं होतं तिला, सहा मार्कांना.

दोन सत्तेचाळीस. ओळंबा थांबेना.
फ्रेममध्ये कुणाचा हात नको, तिनं दहादा बजावलेलं.
अब्बांचा हात आला.
दोरी दोन बोटांत धरली,
सोडली.
सावली वीतभर, शिसपेन्सिलीनं ओढल्यासारखी.
तिनं खडूनं रेघ मारली,
आणि खालच्या मशिदीची भिंत
त्या रेघेशी काटकोनात नाही
हे आम्हा तिघांना एकदमच दिसलं.
दोन पन्नासला मोबाइल बंद पडला.

रात्री ती व्हिडिओ कापत बसली.
हात ठेवला. म्हणाली,
माझ्यापेक्षा तोच नीट समजावतोय.
मी भिंतीचं काढलं, तर अब्बा म्हणाले,
"ज्यानं बांधली त्याच्याकडंही दोरीच होती.
आभाळ आलं असेल त्या दिवशी."

जुम्म्याला पहिल्या सफेतली एक चटई
चार बोटं तिरकी होती.
कुणीतरी पायानं सरळ केली.
अब्बा अजान देऊन आले,
वाकले,
परत तिरकी केली.