पाच किलोचं माप

लोखंडी मापाच्या तळाला एक भोक असतं.
गिऱ्हाइकाला ते दिसत नाही.
त्यात शिसं ओतून वजन बरोबर करतात
आणि शिशावरच सरकारी शिक्का ठोकतात.
बापाने मला पहिल्यांदा ते भोक दाखवलं तेव्हा म्हणाला होता,
इनास, इथे फक्त दोघं बघतात,
देव आणि इन्स्पेक्टर.
इन्स्पेक्टर दोन वर्षांनी एकदा येतो.

वेंगुर्ल्याच्या बंदराकडे उतरताना डाव्या हाताला माझं दुकान.
आता आकडेवाले काटेच जास्त येतात दुरुस्तीला,
पण काजूच्या दिवसांत जुनं लोखंड पुन्हा बाहेर निघतं.
बायका म्हणतात, लाल आकडे काय, कसेही नाचतील,
पारडं डोळ्यांसमोर हललेलं बरं.
मी मान डोलावतो.
अठरा वर्षं डोलावतोय.

तेव्हा दियोग कार्दोज गोणपाटात गुंडाळून माप घेऊन आला.
फेस्ताच्या मिरवणुकीत पुढचा क्रूस त्याचा,
इगर्जीतले चारही पंखे त्याने दिलेले.
दोनशे ग्राम, एवढंच बोलला.
मुलीची फी भरायची होती.
नसती भरायची तरी मी केलं असतं,
हे आता म्हणायला हरकत नाही.

पाच किलोमागे दोन मुठी काजू.
कोंसूच्या, भागू गावकरणीच्या, रेमेदच्या.
हिशोब मी एकदाच करायला घेतला,
वहीचं पान भरलं तेव्हा पेन्सिल मोडून टाकली.

कन्फेशनला म्हणालो, फादर, मापात चूक झाली.
लिगोर फादरांना वाटलं, जेवणाखाण्याचं, दारूबिरूचं.
तीन नमन मारिया म्हण, म्हणाले.
म्हटल्या.
तेही माप कमीच होतं.

यंदा गुड फ्रायडेला
घंटा मुकी, लाकडी खटखट्याचा आवाज,
क्रूसाच्या पायांचं चुंबन घ्यायला रांग.
माझ्यापुढे कोंसू.
काजूच्या डिंकाने बोटांची सालं निघालेली, काळी.
त्याच बोटांनी तिने ते लाकडी पाय धरले,
लहान मुलाचे धरावेत तसे,
आणि उठायलाच विसरली.
मागून कुणीतरी खाकरलं.
मग मी वाकलो. ओठ टेकायला जागा सापडेना.
जिथे तिथे तिची बोटं होती.

शिक्क्याचं वर्ष, असं सांगून माप मागवून घेतलं.
शनिवारी रात्री दार लावून दिवटी पेटवली.
शिसं आधी रुसतं,
मग एकदम पाण्यासारखं येतं.
इगर्जीत पास्काच्या घंटा सुटल्या तेव्हा
मी कानशीने कडा घासत होतो.
मिसा चुकली.

सोमवारी सकाळी कार्दोजच्या पडवीत
कोंसूने डबा ओतायला घेतला.
अठरा वर्षं तोच डबा, गच्च भरला की पाच किलो.
पारडं समेवर आलं
आणि डब्याच्या तळाशी काजू उरले. दोन मुठी.
तिने डब्यात बघितलं, पारड्याकडे बघितलं,
पदराने घाम पुसला,
आणि त्या दोन मुठी उचलून कार्दोजपुढे ठेवल्या.
"आज कायतरी चुकला," म्हणाली,
"हे तुमचे. घेवा."

कार्दोज माझ्याकडे बघत होता.
समुद्रावरून खारं वारं येत होतं, पडवीतल्या गोणी हलत होत्या.
"कोंसू," मी म्हटलं, "ते तुझेच."
"माझे कशे?"

खिशात शिशाची लगड होती, अंगठ्याएवढी.
बस्त्यांवच्या पागाला लावीन असं घरून ठरवून निघालो होतो,
पाण्यात तरी जड होऊन कामाला येईल.
मी ती बाहेर काढली
आणि तिच्या सोललेल्या तळहातावर ठेवली.
तिने हात खालीवर करून अंदाज घेतला.
"ह्यां काय?"

रांगेत मागे भागू उभी होती, रेमेद,
आणखी नऊजणी.
"बस," मी म्हणालो. "सांगतंय.
वेळ लागतलो."