छत्तीस पानं

बावीस वर्षं मी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
लोकांचे पासपोर्ट मोजले.
कोरे. नाव नसलेले, फोटो नसलेले,
अजून कुठेच न गेलेले.
एक पान कमी भरलं तर
अख्खी शिफ्ट थांबायची,
कुणी घरी जायचं नाही.

माझा स्वतःचा आला मागच्या मंगळवारी,
स्पीडपोस्टने, जेलरोडच्या पत्त्यावर.
पोस्टमनसमोर उभ्या उभ्या
आधी पानं मोजली. छत्तीस.
शिवण पाहिली, कडा पाहिल्या,
मग फोटो:
चव्वेचाळीस वर्षांची एक बाई,
कान दिसायला हवेत म्हणून केस मागे सारलेली.

हेमकांत म्हणाला, पत्रिका बघायची राहिलीच आपली.
म्हटलं, छत्तीसच्या छत्तीस जुळलेत. पुरे.

हनिमून हा शब्द आम्ही दोघंही उच्चारत नाही.
त्याच्या चष्म्याच्या दुकानाच्या शटरवर
‘दि. ४ ते १२ घरगुती कारणास्तव बंद’.
माझ्या रजेच्या अर्जात ‘वैयक्तिक काम’.
वहिनी म्हणते, त्र्यंबकला जाऊन या की,
तासाभरात पोचाल, अभिषेकही होईल.
दादा हसतो, पंचवटीच्या गावातून थेट लंकेला?
आधी एक गेली होती, माहितीये ना?

तिला नेलं होतं, दादा.
मी जातेय.
तिकीट माझ्या पगारातून काढलंय,
खिडकीची जागा आहे.

यादी लाईटबिलाच्या पाठीवर,
दोघांच्या अक्षरात.
तो: बीपीच्या गोळ्या. नऊ दिवसांच्या नको, वीस घे.
मी: चिवडा, भद्रकालीतून, लसूण कमी.
तो: जादा चष्मे, दोन्ही नंबरचे.
मी: छत्री एकच.
तो: माझ्या घोरण्यावर तुला कापूस.
मी खोडते, तो परत लिहितो.
अगदी खाली, पेन्सिलने, बारीक:
कुमुदला सांगून येणे.

ते मी खोडलं नाही.
रविवारी गंगेवर गेलो दोघं.
तो पायरीवर उभा राहिला पाण्याकडे बघत,
मी मागे, त्याच्या चपला सांभाळत.
काय बोलला कोण जाणे.
परत येताना पावशेर पेरू घेतले त्याने
आणि ते पिशवीत न टाकता
हातातच धरून चालला.

मेनरोडला गाऊन घेतला.
दुकानातल्या बाईने विचारलं, मुलीसाठी का?
मी हो म्हटलं.
लाजून नाही, सवयीने.
दोन दुकानं पुढे गेले आणि परत वळले.
म्हटलं, मुलगी नाही मला. माझ्यासाठीच आहे.
आता नीट अंदाजाने द्या,
खांद्यात थोडा मोठा.
रंग नाही सांगणार.

आज रात्री बॅग भरून झाली.
भरली, आणि मी तशीच उभी राहिले,
झाकण उघडं ठेवून.
रोज सुटताना गेटवर
पर्स उघडायची, डबा उघडायचा,
हात बाजूला करून थांबायचं,
ती मागून थोपटेल तेव्हा निघायचं.
बावीस वर्षांत
काही भरलं आणि कुणी बघितलं नाही
असं झालंच नव्हतं.

काय बघतेस, हेमकांतने विचारलं.
काही नाही, म्हटलं. लाव तू.
तो गुडघ्यावर बसला, कुरकुरला गुडघा,
चेन अर्ध्यावर येऊन अडली.
गाऊनची लेस दातांत सापडली होती.

मग आम्ही दोघं फरशीवर,
चष्मे कपाळावर सारून,
कारण जवळचं तसंच दिसतं आता,
डोक्याला डोकं लावून
एकेक दोरा सोडवत बसलो.
पावणेपाचला गाडी येणार होती द्वारकेला.
तो म्हणाला, कापून टाकू का?

नको, म्हटलं.
अजून खूप वेळ आहे.