ट्राय : शून्य

शनिवारी सकाळी मी वहीत पंधरा नावं लिहायचे
आणि तिसऱ्या ओळीशी आले की मान वर करावी लागत नसे.
३. एम. हेनेबरी.
हात आपोआप लिहायचा, जसा आपण घराचा पत्ता लिहितो.

एकोणीस हंगाम.
कॅरिगडूनचं मैदान नदीच्या बाजूला उतरतं,
म्हणून पाहुण्यांना आम्ही पहिल्या अर्ध्यात उतार द्यायचो
आणि नंतर त्यांच्याकडून व्याजासकट वसूल करायचो.
वसुलीला मॅलकी.

स्क्रममध्ये तीन नंबर म्हणजे दाराला आतून घातलेला अडसर.
हलला, तर सगळं गाव विचारतं कसा हलला.
नाही हलला, तर दार होतं हेही कुणाच्या लक्षात राहत नाही.

आठवडाभर तो बेकन फॅक्टरीत डुकरांच्या धडांशी झोंबायचा,
शनिवारी माणसांशी.
फरक एवढाच, तो म्हणे, की धडं शिव्या देत नाहीत.
कान पैलवानासारखे मिटून गेले होते.
ऊनानं, त्याच्या बायकोनं,
पांढरे अभ्रे कधीच कपाटात टाकून दिले
आणि गडद तपकिरी घेतले, सहा.

मग फॅक्टरी बंद पडली.
मग खेळाला पगार लागला; चांगल्या गुडघ्यांची पोरं
मोठ्या शहरांत गेली, त्यांचे फोटो पेपरात आले.
मॅलकी शाळेची बस चालवायला लागला
आणि शनिवारी तिसऱ्या ओळीत होताच.

आता ते सांगते, जे वहीत नाही.

शहाऐंशीचा फेब्रुवारी. ड्रमकीलविरुद्ध.
चिखल असा, की तीस माणसं एकाच रंगाची,
रेफरीसुद्धा शिट्टीवरूनच ओळखायचा.
रेषेपाशी स्क्रम कोसळला. ढीग.
ढीग उलगडत गेला, एकेक पाय आपल्या मालकाकडे परतला,
आणि तळाशी पोटाखाली चेंडू घेऊन मॅलकी,
अंडी उबवणाऱ्या कोंबडीसारखा, थोडा ओशाळलेला.
त्याच्या दंडावर फरगस टूमीचा हात होता. चेंडूवर नाही. दंडावर.
मी पाहिलं. छत्री माझी होती, डोळे माझे होते.

चहाच्या खोलीत मी पेन उघडलं.
तो बिस्किट बुडवत होता.
"फरगस लिही."
"मॅलकी, मी पाहिलंय—"
"सोमवारी शॅननहून विमान आहे त्याचं. बोस्टन.
काहीतरी घेऊन जाऊ दे पोराला."
बिस्किट तुटून कपात पडलं. त्यानं चमच्यानं ते काढलं,
खाल्लं, आणि विषय संपला.

फरगसला खरंच वाटतं अजून.
दर नाताळात क्लबला कार्ड येतं,
आणि त्यातला चिखल दर वर्षी थोडा आणखी खोल होतो.

निरोपाच्या जेवणाला अध्यक्षांनी माझीच वही उघडली,
चष्मा नाकावर सरकवून वाचलं:
सामने, चारशे अकरा.
ट्राय...
आणि थांबले, हशा कुठे पिकतो ते कळणाऱ्या माणसासारखे.
शून्य!
टेबलं बडवली गेली. ग्लास आडवे झाले.
सगळ्यांत मोठ्यानं मॅलकी हसला,
डोळ्यांत पाणी येईस्तोवर; ऊनानं त्याला रुमाल दिला.
तिला माहीत होतं का, मी कधी विचारलं नाही.

पेन माझ्या पर्समध्ये होतं.
एक शून्य खोडायला कितीशी शाई लागते?
मी बटाटे वाढून घेतले.

पुढच्या शनिवारी पाऊस नव्हता, गर्दीही नव्हती.
एक, दोन लिहिलं. तीन लिहिलं,
आणि पेन तिथं टेकलेलंच राहिलं, कागदावर निळा ठिपका पसरेपर्यंत.
समोर एकोणीस वर्षांचा कुणीतरी उभा,
सरळ, न दुमडलेल्या कानांचा.
मान वर केली.
"बाळा," मी म्हटलं, "तुझं आडनाव कसं लिहितात?"