पुसणारा

पोर्तोच्या चढावरच्या गल्लीत आबिलिओ
महापालिकेची राखाडी बादली घेऊन येतो.
तीन डोळ्यांची मांजर, शिवीसारखं दिसणारं कुणाचं नाव,
मीटरच्या पेटीवर सार्डिन विणत बसलेली म्हातारी —
सगळ्यांवर रोलर.

मी विचारलं, जिवावर नाही येत?
म्हणाला, मांजरवाली पोरगी डावखुरी आहे.
फटकारे उलटे पडतात तिचे.
मार्चपासून हात सुधारलाय.

मग कोपऱ्याशी, पावसाच्या नळामागे,
वीतभर निळा पक्षी, एका पायाचा.
तिथे रोलर
अचानक कोरडा पडला.
"रंग संपला," म्हणाला.
बादलीत अर्ध्याहून जास्त होता.

उद्या भिंत कोरी असेल.
ती रात्री येईल.
तो हल्ली
सकाळी फार लवकर उठतो.