थोरलं कार्ड

लिफ्ट नाणं गिळून बसली होती,
म्हणून एतेरी सहा मजले चढून आली.
लॅपटॉप शालीत गुंडाळून छातीशी,
ताप चढलेलं पोर आणावं तसा.
दम खात म्हणाली, पडदा लवतो, मालखाज.
पापणी लवते ना, तसा.

कधी लवतो?
दाढ उघडली की.

ती दात घडवते.
तिबिलिसीतल्या अर्ध्या चुघुरेतीच्या तोंडांचे साचे
पडद्यावर गरागरा फिरवते,
खळगे कोरते, उंचवटे घासते,
मग मशीन पांढऱ्या ठोकळ्यातून ती दाढ कातून काढतं.
पत्र लिहिताना पडदा शांत, हिशेबालाही शांत.
दाढ फिरवायला घेतली
की धाकटं कार्ड उठून थोरल्याला जागा देतं
आणि लगेच
लप्. लप्. अंधार. लप्.

आमच्या पिढीला हे नवीन नाही.
मी शाळेत होतो तेव्हा सगळं शहरच लवायचं,
आणि लवलं की आई काही न बोलता
रॉकेलचा डबा हलवून बघायची.

ड्रायव्हर मुळापासून उपटला. नवा घातला. लप्.
नवा काढून गेल्या शरदातला घातला. लप्.
चार्जर लावला, काढला.
झाकण बोटाबोटाने पाडलं, उचललं.
बिजागरीत केबल चिमटली असती
तर कोन बदलताच पडद्याने रंग बदलला असता.
हा आपला एकाच हट्टाने लवत राहिला.

मग स्वयंपाकघरातला टीव्ही जोडला.
त्यावर दाढ उभी राहिली, कलिंगडाएवढी,
इतकी निश्चल
की दोमना लोबियो ढवळता ढवळता थांबली
आणि जिभेने स्वतःची दाढ चाचपू लागली.

म्हणजे थोरलं कार्ड निर्दोष.
दुखत होती दाढ, आणि आपण
गालाला लेप लावत बसलो होतो.

तरी केबल एकदा बघावी म्हणून
बारका स्क्रू-ड्रायव्हर घेतला,
आणि हात सुरू झाला.
चमचा धरताना हलत नाही, पेला धरताना नाही,
बाराखडीतलं एखादं अक्षर काढतानाही नाही.
बारीक काम आलं, की मगच.
एतेरी केसाच्या दहाव्या हिश्शात जगणारी बाई.
तिला दिसलंच असणार.
काही बोलली नाही. दिवा जवळ ओढला
आणि पाठीचे स्क्रू तिनेच काढले,
एकेक, क्रमाने, बशीत.

केबल घट्ट होती.
शेवटी सेटिंगच्या तिसऱ्या पानावर सापडलं,
जिथे मी आधी बघायला हवं होतं.
थोरलं कार्ड जागं झालं की पडद्याला फर्मावत होतं,
सेकंदाला एकशे चव्वेचाळीस वेळा नवा हो.
आणि म्हातारं पॅनेल धावत होतं,
ठेचकाळत होतं, पुन्हा धावत होतं.
मी साठ केले.

दाढ फिरली. पुन्हा फिरली.
आम्ही तिघं गुपचूप बघत राहिलो,
पाळण्यात झोपलेल्याकडे बघतात तसे.

हे बरं होणं नव्हे, मी सांगितलं,
हे भागवून घेणं. पॅनेल थकलंय.
साठ पुष्कळ झाले, ती म्हणाली,
दाढ कुठे पळून जाते?
मग शाल झटकत, माझ्याकडे न बघता,
आणि हे? कधीपासून?
शरदापासून.
दाखवलंस कुणाला?
मी चहाचे पेले उचलले.
दोन्ही, एकाच हाताने. एक थेंब सांडला नाही.
तिने मान हलवली, पटल्यासारखी नव्हे.

पैसे तिने मोजून ठेवले,
वर लिफ्टसाठी एक नाणं,
लिफ्ट बंद आहे हे माहीत असून.

ती गेल्यावर बशीत एक स्क्रू दिसला.
काढले तिने होते, लावले मी.
दोमना म्हणाली, हाक मार.
खिडकी उघडून मारली.
सहा मजल्यांखाली, लॅपटॉप छातीशी,
तिने वर न बघताच हात हलवला,
निरोप समजून.