घसारा

निवृत्तीआधीचा शेवटचा दौरा, म्हणून ऑफिसनं
पुढच्या रांगेचं तिकीट काढलं.
इंदूर ते मुंबई, सव्वा तास,
त्यातली वीस मिनिटं धावपट्टीवरच.

गरम टॉवेल चिमट्यानं हातावर ठेवला गेला.
पाणी काचेच्या ग्लासात.
मागे पडदा ओढला गेला, आतलं ऑपरेशन
बाहेरच्यांनी बघू नये तसा.
मिठाची इवलीशी बाटली मी पर्समध्ये टाकली.
चौतीस वर्षं विम्याची सर्व्हेअर असून.

बॅगेला नारिंगी पट्टी लावली होती: प्रायॉरिटी.
म्हणजे ती आधी येणार.

मुंबईत सहा नंबरच्या पट्ट्यावर
सुतळीनं बांधलेला एक खोका तीनदा फिरून गेला,
चौथ्यांदा त्यालाही कुणी नेलं.
मग नुसता पट्टा. मग तोही थांबला.

काउंटरवर लेवीना कुटिन्हो, बिल्ल्यावरून कळलं.
तिनं बॅगांची चित्रं पुढे सरकवली,
चौकीत संशयितांचे फोटो दाखवतात तशी.
यातली कुठली, मॅम?
ही. दोन चाकी. लाल होती, आता विटकरी.
आत काय काय?

लिहा.
दोन सुती साड्या, एक धुवायचा ब्लाऊज,
प्रेशरच्या गोळ्या, लवंग शेव अर्धा किलो,
शाल, श्रीफळ,
आणि एक सन्मानचिन्ह, त्यावर
सुलक्षणाऐवजी सुलोचना टिपणीस.

लेवीना हसली नाही. ती पुढच्या रकान्यावर होती.
अंदाजे किंमत?

हा माझा प्रश्न होता.
भिजलेल्या गोदामांत, जळक्या छापखान्यांत
नाकाला पदर लावून मीच तो विचारत आले.
बिल आहे? नाही? मग घसारा धरू,
वर्षाला दहा टक्के.
भिवंडीचे अल्ताफ मोमीन राखेत उभे राहून म्हणाले होते,
मॅडम, चार नंबरच्या मागाचा आवाज वेगळा होता,
झोपेतही ओळखायचो.
तो कुठल्या रकान्यात?
मी इतर नुकसानापुढे
निरंक लिहिलं. सही घेतली.

दोन दिवस फोनवर एकच वाक्य:
बॅग ट्रेस होतेय.
विक्रोळीत शेजारचे वर्टक म्हणाले,
ऑफिसनं नारळ दिला म्हणायचा,
पण तोही वेळेवर पोचेना!
मीही हसले. गोळ्या नव्या आणल्या.

तिसऱ्या रात्री पावणेबारा, बेल.
चार मजले, लिफ्ट नाही,
दारात खांद्यावर बॅग घेऊन एक माणूस,
धाप आवरत.
रायपूरला जाऊन आली म्हणे.
उघडून बघा, मग सही. खाली अजून सात आहेत,
नालासोपाऱ्यापर्यंत.

उघडली.
शेवेचा चुरा साड्यांच्या घडीघडीत.
सन्मानचिन्ह शाबूत, सुलोचनाही.
त्यानं नारळ उचलून कानाशी हलवला,
न विचारताच.
पाणी आहे अजून, म्हणाला.

मग उंबऱ्यावरच फोडला.
पाणी अर्धं फरशीवर गेलं, उरलेलं त्याला दिलं,
वर्टकांनी दार किलकिलं करून पाहिलं
आणि खोबऱ्याचा तुकडा घेऊन परत लावलं.
नाव विचारलं तर म्हणाला, गजेंद्र,
आणि पावती पुढे केली.

माल पूर्ण मिळाला. तक्रार नाही.
खाली फुलीची जागा.
अशा कागदावर मी किती जणांची बोटं धरली आहेत,
इथे करा, हां, इथे.

सहीआधी बॅग जिन्याच्या पॅसेजमध्ये
एकदा ओढून पाहिली. मग परत ओढली.
गजेंद्र घड्याळ बघत होता.

शेऱ्याच्या चिमूटभर जागेत लिहिलं:
डाव्या चाकाचा आवाज बदलला आहे.
आधी असा नव्हता.

हे कशाला, ताई? कोण वाचतंय?

माहीत आहे, म्हटलं.
वाचणारी मीच होते.