सात सेकंद

दुकान नदीपलीकडे गेलं, फंगशानला.
मालकीण म्हणाली, तुझं मशीन मी नेलंय,
आता तू ये.

पिंगतुंगहून दोन बस. पहिली मिळते,
दुसरी तिला यायचं असेल तेव्हा येते.
म्हणून पन्नासाव्या वर्षी पुतणीची जुनी स्कूटर,
आरशाला अजून तिचं केसांचं रबर,
सीटला चिकटपट्टीचं ठिगळ.
चिकटपट्टीचं!
चालवायला शिकायच्या आधी
मी तिला नवं कव्हर शिवलं.

शिकवायला शेजारचे लिआओ, निवृत्त पोस्टमन.
गल्लीतल्या कुत्र्यांची नावं त्यांना पाठ,
माणसांचे फक्त पत्ते.
देवळामागच्या फरशीवर त्यांनी खडूने
दोन रेघा ओढल्या, मध्ये एक कुत्रं
आडवं झोपेल एवढंच अंतर.
यातून जायचं, म्हणाले, हळू.
मी म्हटलं, मला कुठे घाई आहे?
तसं नाही. सात सेकंद लागलेच पाहिजेत.
सहात पोचलीस तर नापास.
पाय टेकलास तरी नापास.

जन्मभर ऐकलं, पाय जमिनीवर ठेव.
आईकडून, सासूकडून,
ज्याचे स्वतःचे कधी नव्हते त्या नवऱ्याकडूनही.
आणि हा पोस्टमन म्हणतो, उचल.

तीस वर्षं माझा वेग पायात होता.
पॅडल दाबलं की सुई धावते, सोडलं की थांबते,
हात नुसते कापडाला वाट दाखवतात.
इथे सगळं उलट. पाय पाहुण्यासारखे
फळीवर अवघडून बसलेले,
आणि जीव मुठीत. खराच, उजव्या मुठीत.
जरा पिळला की उडी मारतो.
पहिल्या दिवशी घाबरून पाय दाबला,
थांबलं काहीच नाही.
पेरूवालीची टोपली आडवी झाली.
भरपाई म्हणून सगळे पेरू विकत घेतले,
आठवडाभर खाल्ले.

परीक्षेच्या मैदानात रेघेखाली तार पुरलेली असते,
चाक लागलं की घंटा.
पहिल्या खेपेला साडेचार सेकंद आणि घंटा.
माझ्या मागचा पोरगा, मिशीही न फुटलेला,
गाडी हातात धरून माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.
आजी, तुमची पण वाजली?
आजी म्हणाला म्हणून राग आला,
पण त्याच्या शर्टाचं बटण लोंबत होतं.
पर्समध्ये सुईदोरा असतोच.

दुसऱ्या खेपेला चाकाकडे पाहिलंच नाही.
रेशमाला दुमड घालताना सुईकडे बघायचं नसतं,
चार बोटं पुढे बघायचं,
कापड जिथे पोचणार आहे तिथे.
सुतासारखं सरळ म्हणतात लोक.
सूत सरळ नसतं, मला विचारा,
कुणी ताणून धरलं तरच.
म्हणून ताणून धरलं. मान, पोट, श्वास.
चार. पाच. पाच कितीतरी वेळ पाचच.
सहा.
सात.
न वाजलेली ती घंटा
अजून माझ्या कानात आहे.

आता रोज पूल. काओपिंगवरचा वारा
आडवा येतो, न विचारता खांद्याला धरतो.
डावीकडे वळायचं असेल
तर आधी सरळ पुढे जायचं,
कोपऱ्यातल्या पांढऱ्या चौकोनात तोंड फिरवून थांबायचं.
तिथे आम्ही पंधरा-वीसजण, गुडघ्याला गुडघा,
कुणाच्या पायांत गॅसची टाकी, कुणाच्या पायांत कुत्रं.
कोण कुणाचं नाही. तरी पहिल्याच सोमवारी
तिघीजणी एकदम ओरडल्या,
स्टँड! बाई, तुमचा स्टँड खाली!

आज पुढच्या स्कूटरवर
आईच्या मागे एक मुलगी, तोंडात भाताचा रोल,
गणवेशाचा स्कर्ट गुडघ्यापर्यंत.
काठाची तुरपाई ओळखली.
माझी. डाव्या बाजूला तीन टाके तिरके,
मालकिणीच्या नजरेतून सुटलेले,
परीक्षेच्या आदल्या संध्याकाळचे.

सांगावं का तिला, आण परत, उसवून देते?
हात उचलला,
तर हिरवा लागला
आणि हात मुठीवरच हवा होता.